वाटेवर बोराटी पडण्याआधी : साताऱ्याच्या कच्च्या वाटांवर नव्याने गाडी घालणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यात कच्ची वाट बंद व्हायला कलेक्टरचा आदेश लागत नाही. शेतकरी बोराटीची एक काटेरी फांदी तोडतो, वाटेत आडवी टाकतो, वर दोन धोंडे ठेवतो. झालं काम. पुढच्या रविवारी तिथं आलेल्या पोरांना वाटतं, इथून पुढं रस्ताच नाही. रस्ता असतो. फक्त आधीच्या कुणीतरी उभ्या हरभऱ्यातून गाडी वळवलेली असते, नाहीतर ठिबकची नळी तोडून मागं न बघता पुढं गेलेलं असतं.

एक्सपल्स किंवा हिमालयन मोटारसायकल घेतलेली, थार किंवा जिम्नी जीप दारात उभी राहिलेली मंडळी आता गावोगावी आहेत. गाडी कशी चालवायची याचे व्हिडिओ पुष्कळ मिळतात, ती कुठं चालवायची हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत तिथल्या वनसेवेने २००५ साली नियम केला आणि कुठल्या वाटेवर मोटार चालेल याचे नकाशे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नकाशात नसलेली वाट तिथं बंदच समजतात. आपल्याकडे असा नकाशा नाही. आपण ज्याला ट्रेल म्हणतो ती कुणाची तरी शेतात जायची पाणंद असते, धनगराची मेंढरं न्यायची वाट असते, नाहीतर थेट वनखात्याची जमीन असते. म्हणून नव्या माणसाने गाडीच्या आधी वाट शिकावी.

आधी वाट कुणाची ते बघा

सगळ्यात निर्धोक सुरुवात म्हणजे ग्रामीण मार्ग. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना क्रमांक असतात. दगडावर किंवा पाटीवर ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) किंवा इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग) असं लिहिलेलं दिसलं, की तो सार्वजनिक रस्ता. यातले बरेच आता डांबरी झालेत, पण माण आणि खटाव तालुक्यांत, तसंच सांगलीकडे आटपाडी-जतच्या बाजूला मुरमाचे किंवा नुसत्या खडीचे तुकडे अजून भरपूर सापडतात. पहिले दोन-तीन महिने एवढ्यावरच काढले तरी हात चांगला बसतो.

त्यानंतर पाणंद. गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि तिची रुंदी १६.५ ते २१ फूट धरलेली असते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, ८.२५ फुटांची. नकाशा तलाठ्याकडे बघायला मिळतो (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, बोलताना सगळे तलाठीच म्हणतात) आणि महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरही गट क्रमांक शोधता येतो. नकाशात एकवीस फुटी असलेली पाणंद प्रत्यक्षात सात फुटांचीच उरलेली असेल, तर दोन्ही बाजूंनी बांध सरकलेत असं समजावं. त्यावरून गावात भाऊबंदकीचा वाद चालू असण्याची दाट शक्यता असते. अशा पाणंदीत नकाशा दाखवून हक्क सांगायला जाऊ नका. तो वाद तहसीलदारापुढं पडून असेल, आणि तुमची गाडी त्यात साक्षीदार म्हणून उभी राहायची.

पायवाटेवर मोटारसायकल घालू नका. ती चारचाकीला पुरत नाही हे दिसतंच, पण दुचाकीही तिथं उपरी आहे. डोंगरातल्या पायवाटा दोन पावलांच्या रुंदीने, वळणं घेत, पाणी वाट धरणार नाही अशा बेताने पडलेल्या असतात. त्यावरून एकदा चाक गेलं की सरळ चर पडतो, पहिला पाऊस तो चर धरतो आणि पुढच्या वर्षी तिथं ओघळ झालेला असतो.

राहिली मोकळी दिसणारी जमीन. माळ दिसला म्हणजे तो कुणाचा नाही, असं होत नाही. सातबारा ऑनलाइन बघता येतो. मालकाच्या रकान्यात वन विभाग असेल तर तिथून माघारी फिरा. गायरान असेल तर ते गावाचं आहे, ग्रामपंचायतीला विचारा. खासगी असेल तर मालकाला. वनहद्द जमिनीवरही ओळखता येते: चुना लावलेले दगडी बुरूज, खात्याच्या पाट्या, तारेचं कुंपण. डोंगराच्या अंगाने गवत काढून केलेला स्वच्छ, रुंद, मोहात पाडणारा पट्टा दिसला तर ती जाळरेषा आहे. वणवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून वनखातं ती काढतं. दिसायला अस्सल ट्रेल, प्रत्यक्षात राखीव वन. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात घुसणं हा गुन्हा आहे, आणि गाडीही जप्त होऊ शकते.

जिथं चाक लावायचंच नाही

कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं गाडीने फिरता येत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कारण, आणि म्हणून कासला न जाता लोक शेजारच्या सड्यावर गाडी घालतात.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट डोकं. त्यावर माती बोटभर, कुठं कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत आणि दगडातल्या उथळ खळग्यांत जे उगवतं ते खाली शेतात उगवत नाही: सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. वायतुरा नावाची एक पाणवनस्पती तर साताऱ्याच्या आसपासच्या सड्यांवरच्या डबक्यांत वाढते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहणारी एक छोटी पाल २००८ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली, तिलाही साताऱ्याचंच नाव मिळालं. आता रीलसाठी ज्या डबक्यातून गाडी उडवली जाते ते डबकं हेच, आणि चाकाला आधार म्हणून उचलून लावला जातो तो दगडही हाच.

शेतातली चाकोरी पुढच्या नांगरटीत मोडून जाते. सड्यावर नांगर चालत नाही आणि नवी माती यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. एकदा उमटलेली चाकोरी तिथं वर्षानुवर्षं दिसत राहते. पुढचा गाडीवाला ती बघून म्हणतो, इथून रस्ता आहेच की! म्हणून माझं मत जरा कडक आहे. सडा कोरडा असो वा ओला, राखीव असो वा खासगी, पडलेल्या रस्त्याच्या बाहेर तिथं चाक जाता कामा नये. उन्हाळ्यात तो करपलेला, मेलेला दिसतो तेव्हासुद्धा. बिया आणि कंद त्याच मातीत झोपलेले असतात.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांपर्यंत जाणारे कच्चे रस्ते आहेत. रुंद आहेत, वारा भन्नाट आहे, त्यामुळे गर्दी होते. ते रस्ते पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले आहेत. पठाराचा काही भाग कोयना अभयारण्याला लागून आहे. रखवालदार अडवेल तिथं थांबायचं, तो सोडेल तिथं रस्त्यावरच राहायचं. पाचगणीचं टेबललँडही सडाच, तिथं गाड्यांना मनाई आहे. सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गेलात तर गाडी रस्त्यावर लावून चालत जा. कड्यापर्यंत गाडी नेण्यात शौर्य नाही, आणि धुक्यात कडा दिसत नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, गाडी तर दूरच. वासोट्याला बामणोलीहून लाँचने आणि परवाना काढून जातात, त्याचं कारण हेच. जंगलातून आतल्या आत जाणारी जुनी वाट कुणी फोनवर पाठवली असेल तर ती उठलेल्या गावांची जुनी वाट असते. आता तिथं माणसांचा रस्ता नाही.

सांगलीकडचं सागरेश्वर हे छोटं अभयारण्य. तिथली टेकडी दिसायला कितीही सोपी असली तरी तोच नियम. देवराई कुठंही, कितीही लहान असो, तिच्यातून इंजिन चालू ठेवून जाऊ नका.

आणि एक जागा अशी, जी कुठल्याच कायद्याने तुम्हाला थांबवणार नाही. माण, खटाव, कोरेगाव या पट्ट्यात डोंगरउतारावर समपातळीत खणलेले लांब चर दिसतात. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ सालची पहिली वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा जिंकली ती असल्या कामांवर. त्या चरांच्या कडेचा मातीचा उंचवटा म्हणजे मोटारसायकल उडवायला आयता रॅम्प. पण तो बांध गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, शाळेच्या पोरांनी, रणरणत्या उन्हात श्रमदानाने घातलेला असतो. एका जागी तो फुटला की पावसात सगळ्या चराचं पाणी तिथून धावतं आणि खालचे चरही फोडत जातं. अशा गावात तुम्हाला दुसऱ्यांदा पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

कोणत्या महिन्यात कुठं

जून ते सप्टेंबर कच्च्या वाटा सोडून द्या. लोकांना नेमका तेव्हाच हुरूप येतो, हे मलाही कळतं. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि गाडी ओढून काढताना पाणंदीचा पार चिखल होतो. त्याच पाणंदीतून दुसऱ्या दिवशी दुधाची किटली डोक्यावर घेऊन कुणाला तरी यायचं असतं. शिवाय धबधबे, घाट आणि धरणांच्या भागात जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अधूनमधून बंदीचे आदेश काढतं. घरून निघण्याआधी ते आदेश बघून घ्या. अवकाळी पाऊस कधीही झाला तरी काळ्या मातीला तीन-चार दिवस द्या. मुरूम लवकर निचरतो, त्याला एक-दोन दिवस पुरतात. खात्री करायची तर चालत जा. बुटाचा ठसा बोटभर खोल उमटत असेल तर चाक त्याच्या दुप्पट रुतेल.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन-भुईमुगाची काढणी, मळणीयंत्रं वाटेतच उभी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने, फक्त ऊसपट्टा टाळा. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पाणंदीत मागं घेता येत नाही, त्यामुळे मागं तुम्हालाच जावं लागतं. मार्चपासून गवत वाळतं. गरम सायलेन्सरखाली सुकं गवत अडकलं की पेट घ्यायला वेळ लागत नाही, आणि वणवा कुणी लावला हे शोधताना गावाला आधी तुमची गाडी आठवते. याच दिवसांत टिटव्या आणि चंडोल उघड्या मुरमावर अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर पुढं जाऊ नका, तशीच गाडी मागं घ्या.

जत्रांचं भान ठेवा. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटाने चढतात, त्या सुमारास तिकडच्या आडवाटांवर पायी माणसं असतात. बावधनचं बगाड, पुसेगावची यात्रा, पालीचा खंडोबा, मांढरदेव, या दिवसांत त्या परिसरात फिरायला जायचं असेल तर गाडी घरी ठेवून जा.

गाडी आणि कागद

यावर फार वेळ घालवत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी फोनमध्ये आणि एक प्रत डिकीत. सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. बदललेला, फटफटणारा सायलेन्सर मोटार वाहन कायद्याने चालत नाही हे एक, आणि गोठ्यातली जनावरं दावं तोडतात हे दुसरं. माझ्या मते वाटा बंद पडण्याचं सगळ्यात मोठं एकटं कारण आवाज आहे. चाकोरी दिसायला तिथं जावं लागतं, आवाज चार वाड्यांना घरबसल्या कळतो.

अठरा वर्षांखालच्या भावाला किंवा पोराला ‘माळावर काय होतंय’ म्हणून गाडी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ ए प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एटीव्ही घ्यायचा विचार असेल तर आधी समजून घ्या: बहुतेक एटीव्हींची नोंदणीच होत नाही, म्हणजे त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत. पाणंदही सार्वजनिकच. त्या खासगी ट्रॅकवरच चालवायच्या.

अंगावर हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघा-कोपराचे गार्ड, हातमोजे. सोबत हवेचा पंप, पंक्चरचं सामान, दोरी, तीन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि रोख पैसे. रोख कशाला ते पुढं येईल.

चाक कसं चालवायचं

डांबर सोडलं की टायरमधली हवा कमी करा. मोटारसायकलला २० ते २२ पीएसआय पुरे. त्याहून खाली नव्या माणसाने जाऊ नये, कारण ट्यूबचं टायर दगडावर दाबलं गेलं की रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते, आणि रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी पकड) नसेल तर टायर रिमवर सरकून वॉल्व्ह फाटतो. जीपला ३० वरून १८ ते २० पर्यंत चालतं. मऊ टायरचा ठसा रुंद होतो, पकड वाढते, चाक जागच्या जागी कमी फिरतं. चाक फिरलं नाही की वाट खणली जात नाही, सगळं तंत्र त्यासाठीच आहे. परत डांबरावर येताना हवा भरायला विसरू नका.

मोटारसायकलवर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल, नजर पुढच्या वळणावर. समोरच्या धोंड्याकडे टक लावून बघितलं तर गाडी धोंड्यावरच जाते. चढ दुसऱ्या गिअरमध्ये, पायथ्याशीच वेग घेऊन, मध्ये ॲक्सिलरेटर न पिळता. चढता येईल की नाही शंका असेल तर उतरा आणि आधी पायी चढून या. उतारावर इंजिनच्या ब्रेकने या. मागचं चाक लॉक करून घसरत येणं व्हिडिओत झकास दिसतं, वाटेवर मात्र त्याने नाली पडते.

थार किंवा जिम्नीत फोर-बाय-फोर आधी लावा, अडकल्यावर नव्हे. अडकेपर्यंत टू-व्हीलवर चाकं फिरवत राहणाऱ्याने वाटेचं नुकसान आधीच केलेलं असतं. चढ-उताराला लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर. आणि डांबर लागलं की परत टू-व्हील. या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर वळताना गिअरबॉक्सवर ताण येतो.

डबकं आलं तर मधून जा. कडेने वळसा घालायची सवय सगळ्यांना असते, आणि तीच वाट रुंद करते. या वर्षी डबक्याच्या डाव्या अंगाला एक चाकोरी, पुढच्या वर्षी उजव्या अंगाला, तिसऱ्या वर्षी दोन्हीकडची पिकं तुडवलेली. डबकं किती खोल हे माहीत नसेल तर उतरून काठीने बघा. मध्यातून जाणं धोक्याचं वाटत असेल तर परत फिरा, वळसा घालू नका. ओढा ओलांडायचा तो जिथं बैलगाडी ओलांडते तिथंच, काटकोनात, आधी चालत जाऊन. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पाय वाहवत असेल तर गाडी घालू नका. ओढ्यात गाडी धुणं हा प्रकार तर बंदच करा. खाली कुणाची तरी विहीर असते.

अंधार पडायच्या आत डांबरावर या. माणदेशी माळावर रात्री लांडगा, खोकड, ससे फिरतात आणि रातवा पक्षी तर कच्च्या रस्त्यावरच बसून राहतो. दिव्यात ते गोंधळतात.

माणसं, जनावरं, पिकं

गावात शिरताना वेग माणसाच्या पळण्याइतका. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला हात करा, म्हाताऱ्या माणसापाशी गाडी बंद करून हेल्मेट काढा. हेल्मेटमधून बोललेलं कुणाला कळत नाही आणि चेहरा दिसला नाही की माणूस चोर वाटतो. “रामराम आबा, ही वाट वरच्या वाडीला जाती का? गाडी घालू का नको?” एवढं विचारलं की पुढची माहिती आपोआप मिळते. कुणाच्या रानात पाणी सोडलंय, कुठला ओढा फुटलाय, कुठल्या वाडीतलं कुत्रं चावतं. “पावनं, कुणीकडचं?” या प्रश्नाला नीट उत्तर द्या: गाव, आडनाव, कुणाकडं आलो. इथं ओळख काढल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही, आणि ओळख निघाली की फांदी बाजूला होते.

मेंढरांचा कळप आला तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहा. हॉर्न नको. कळप फुटला तर धनगराचा दिवस जातो. त्याचं कुत्रं भुंकत आलं तर पळवायच्या भानगडीत न पडता स्तब्ध राहा, मेंढका त्याला बोलावतो. बैलगाडी समोरून येत असेल तर तिला आतली, सुरक्षित बाजू द्या आणि इंजिन बंद ठेवा. बैल बुजून गाडी उलटली तर नुकसान हिशोबात मावत नाही. किल्ल्यांच्या कड्यांवर, जुन्या वडा-पिंपळांवर आग्या मोहोळ असतं, तिथं आवाज करत थांबू नका.

फुफाटा हा लोकांच्या लक्षात न येणारा गुन्हा. तासगाव, कवठे महांकाळ, खटाव भागात जानेवारी ते मार्च द्राक्षं तयार असतात. घडांवर धूळ बसली की मण्यांवरची पांढरट लव बिघडते, धुवून काढता येत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीचं तेच. बागेच्या कडेने जाताना पहिल्या गिअरमध्ये जा, आणि सगळ्यांनी अंतर ठेवून. टोळकं मोठं असेल तर फोडा: दुचाकी पाचाच्या आत, जीप तीनाच्या आत. त्याहून जास्त गाड्या गावाला मोर्चा वाटतात.

पाणंद ओलांडून पाइपलाइन जाते. बऱ्याच ठिकाणी ती वीतभर खोलच पुरलेली असते, ठिबकच्या नळ्या तर वरच असतात. मातीचा आडवा उंचवटा दिसला की थांबून बघा. शेताभोवती बारीक तार आणि पांढरे ठोकळे दिसले तर डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन असतं, हात लावू नका. फाटक किंवा कवाड जसं होतं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. आणि काट्या टाकलेल्या असतील तर त्या उचलून पुढं जायचं नाही, मालक शोधायचा.

काही मोडलं, कुणी पडलं

नळी फुटली, बांध ढासळला, कोंबडी मेली, काहीही झालं तरी थांबा. मालकाला शोधा, आपण होऊन सांगा, पैसे द्या. नळीचा तुकडा आणि जोड शेदोनशे रुपयांत येतात, रोख याच्यासाठी. न थांबता गेलात तर ती शेदोनशेची नळी पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना पुरते.

गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर सोडा. चाकापुढची माती हाताने काढा, खाली दगड किंवा फ्लोअर मॅट द्या, दोघांनी ढकला. जीप ओढायची तर चेसिसच्या ओढण्याच्या हुकाला दोरी लावा, बंपरला किंवा टो-बॉलला नाही. ताणलेली दोरी तुटली किंवा हूक निसटला तर तो गोळीसारखा येतो, म्हणून बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. विंचसाठी (गाडी ओढून काढणाऱ्या तारेच्या रहाटासाठी) झाड वापरायचं तर रुंद पट्टा घाला, नुसती तार सालीत घुसते. गाडी निघाली की खड्डा बुजवा आणि चाकाखाली घातलेले दगड उचलून परत कडेला ठेवा. हे कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीचं चाक त्याच दगडावर चढतं.

मार लागला तर १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२. वणवा किंवा जखमी वन्यप्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६. डोंगरात रेंज जाते, म्हणून शेवटच्या गावात कुणाला तरी सांगून जा की अमुक वाटेने चाललोय, अंधार पडेपर्यंत परत येऊ. किराणा दुकानदार यासाठी उत्तम: तो दिवसभर तिथंच असतो. त्याच्याकडून चहा-बिस्किटं, गूळ-शेंगदाणे घेत जा. शहरातून सगळं भरून आणून गावात फक्त रिकाम्या बाटल्या टाकणाऱ्यांचं स्वागत का व्हावं?

वाट उघडी ठेवायची तर

चांगली वाट सापडली की तिचा जीपीएस ट्रॅक आणि ठिकाण ऑनलाइन टाकायची हौस आवरा. फोटो टाका, जागा सांगू नका. एका रीलने पन्नास गाड्या येतात, त्यातल्या पाच जणांनीही आबांना विचारलेलं नसतं. नव्या माणसाला वाट दाखवायची तर सोबत नेऊन दाखवा, म्हणजे वाटेतली माणसंही त्याला दाखवता येतात.

ज्या वाटेवर वर्षभर फिरता तिच्या डागडुजीला वर्षातून एक दिवस द्या. सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला आधी भेटा, कारण न विचारता केलेलं कामही अतिक्रमण वाटू शकतं. पाणंदीच्या बाबतीत शेजारच्या दोन्ही शेतकऱ्यांना सोबत घ्या, नाहीतर एकाच्या बाजूने काम केलं असा अर्थ निघतो. वनहद्दीतलं काही असेल तर वनरक्षकाला भेटून तो सांगेल तेवढंच: प्लास्टिक गोळा करणं किंवा जाळरेषा काढायला हात देणं.

काम साधं आहे. चाकोरीत नुसती माती लोटू नका, ती पहिल्या सरीत वाहून जाते. आधी पाणी कुठून वाटेवर येतं ते बघा. चढावर दर वीस-पंचवीस पावलांवर तिरका, उथळ चर आणि त्याच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ घाला, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूला उतरेल. मात्र ते कुणाच्या रानात उतरणार नाही हे मालकासोबत उभं राहून ठरवा. मग चाकोरीत खाली मोठे दगड, वर बारीक, सगळ्यात वर मुरूम, आणि पाणी मारून दाबणं. ट्रॅक्टर गावातलाच घ्या, डिझेलचे आणि मुरमाचे पैसे गटाने वर्गणी काढून द्या. मुरूम कुठून उचलायचा हेही गावालाच ठरवू द्या, उत्खननाला तहसीलची परवानगी लागते. दिवस एप्रिलच्या अखेरीचा धरा: तोवर उसाच्या ट्रॉल्या थांबलेल्या असतात, रानं मोकळी असतात, आणि वळीव यायच्या आत मुरूम बसायला दोन-तीन आठवडे मिळतात.